चाळीस मिनिटांवरची बहीण

माझी बहीण माझ्यापासून फक्त चाळीस मिनिटांवर राहते, असं मी तीन आठवडे भेटेल त्याला सांगत होतो. दूधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, जिन्यात भेटलेल्या एका अनोळखी गृहस्थांनाही सांगितलं. ते विजेचा मीटर बघायला आले होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. आता हेच लोक मला रस्त्यात गाठून विचारतात, "काय, आलात का जाऊन? चाळीस मिनिटांत?" आणि मी काहीतरी पुटपुटत भाजीच्या दुकानाकडे वळतो. घरात भाजी असते.

ताई माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. पण आई लवकर गेली, आणि त्या चार वर्षांची तिनं चाळीस करून टाकली. माझ्या शर्टाची बटणं तिनं लावली, माझ्या पाढ्यांना तिनं हो-हो म्हटलं, मला ताप आला की उशाशी बसून दोन-दोन ओळींची गाणी तिनं रचली. पुढे ती परिचारिका झाली, सीमेपलीकडच्या शहरात एका मोठ्या इस्पितळात नोकरीला लागली, मेट्रन झाली, आणि इस्पितळानं दिलेल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये सव्वीस वर्षं एकटी राहिली. ती इकडे पाच-सहा वेळा येऊन गेली. मी तिकडे एकदाही गेलो नाही.

का गेलो नाही? याचं उत्तर मी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळं देत आलो आहे. मी बसच्या आगारात वेळापत्रकं करायचो. एकतीस वर्षं. कुठली गाडी किती वाजता सुटेल, कुठे किती मिनिटं थांबेल, किती वाजता पोचेल हे सगळं माझ्या टेबलावर ठरायचं. आगारात मला मिनिटराव म्हणत. तोंडावर म्हणत, म्हणजे ते आदरानंच असणार. ज्या माणसाच्या हातात चारशे गाड्यांच्या वेळा, त्याला स्वतः कुठे जायला वेळ कसा मिळावा? हे उत्तर मला बरीच वर्षं पुरलं. निवृत्त झालो तेव्हा आगारानं मला एक मनगटी घड्याळ दिलं, मागे 'वक्तशीरपणाबद्दल' असं कोरलेलं. त्या दिवसापासून ते उत्तर पुरेनासं झालं.

दर रविवारी सकाळी आठ वाजता ताईचा फोन यायचा. आठ म्हणजे आठ. मी चहाचा कप घेऊन बसलेला असायचो आणि फोन वाजायचा. मी अभिमानानं बायकोला म्हणायचो, "बघ, आमच्या रक्तातच आहे हे."

"मग तुमच्या रक्तानं कधी फोन उचलून लावला नाही तो?" बायको विचारायची.

लावला होता. एकदा मी आपणहून लावला होता, एका रविवारी सातलाच, कारण आठला मला एका साखरपुड्याला जायचं होतं. ताईचा आवाज झोपेनं जड. मी तिला फैलावर घेतलं. म्हटलं, "ताई, सूर्य डोक्यावर आला आणि तू अजून अंथरुणात? एकटी राहून आळशी झालीस हं." ती हसली आणि म्हणाली, "झाले खरी." हा प्रसंग लक्षात ठेवा. मला तो आता विसरायचा असूनही विसरता येत नाही.

फोनवर ती घराबद्दल बोलायची. मागच्या खोलीला मोठी खिडकी आहे, खिडकीबाहेर झाड आहे, वारा आला की त्याच्या फांद्या काचेवर टकटक करतात आणि मी उगीच "आले, आले" म्हणते. खिडकीखाली एक खाट आहे, ती तुझी. कुणी येऊन तिच्यावर बसलं की मी उठवते, म्हणते, दुसरीकडे बसा, ती माझ्या भावाची आहे. शेवटी ठरलेलं वाक्य, "कधी येतोस?" आणि माझं ठरलेलं उत्तर, "बघतो, ताई." मी हिशेबी माणूस आहे. वर्षाचे बावन्न रविवार, सव्वीस वर्षं. मी तेराशे बावन्न वेळा 'बघतो' म्हणालो आणि एकदाही बघितलं नाही.

मग एका रविवारी ती म्हणाली, "अरे, मी निवृत्त होतेय. महिनाअखेरीला क्वार्टर सोडायचं. शेवटच्या दिवशी दुपारी तीनला स्टोअरकीपर येईल, यादी ताडून बघेल आणि कुलूप बदलेल. पाचच्या बसनं मी मैत्रिणीच्या गावी जाईन, तिच्या घरात एक खोली आहे. त्याआधी एकदा ये रे."

"तुझ्या मैत्रिणीकडेच येतो ना निवांत," मी म्हटलं.

"तिकडे नको. तिकडे मी पाहुणी. इथे ये. काही आणू नकोस. तू त्या खाटेवर बस, चहा पी, मग दोघं मिळून दार ओढून घेऊ. घर आपल्या माणसानं एकदा तरी बघितलेलं असलं, म्हणजे ते खरंच होतं असं वाटतं. नाहीतर सव्वीस वर्षं मी कुठे होते रे?"

आणि मग तिनं, मी लहानपणी तापात असताना करायची तशा, हसत हसत दोन ओळी केल्या:

दूर दूर म्हणू नको, दूर किती गं असेल
भाऊ उंबऱ्याशी येता, वाट दमून बसेल

मी त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांकडे गेलो. त्यांच्याकडे संगणक आहे आणि ते एकदा विमानात बसलेले आहेत, त्यामुळे आमच्या गल्लीत हवाई वाहतुकीचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी खोकल्याच्या बाटल्या बाजूला सारून विमानांच्या वेळा छापून दिल्या. रोज दोन विमानं. पहिलं सुटणार सकाळी सातला, पोचणार सात चाळीसला. दुसरं सुटणार दुपारी एकला, पोचणार एक चाळीसला.

मी कागद तीनदा वाचला. पोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ वजा केली की प्रवासाचा वेळ मिळतो, हे काम मी एकतीस वर्षं डोळे मिटून केलं आहे. चाळीस मिनिटं! आमची बस एवढ्या वेळात कारखान्याच्या फाटकापर्यंत जाते. सव्वीस वर्षं मी ज्या ताईला सातासमुद्रापार समजत होतो, ती कारखान्याच्या फाटकावर राहत होती.

कागदाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'सर्व वेळा स्थानिक' असं छापलं होतं. मी ते वाचलं नाही असं कुणी म्हणू नये. वाचलं. स्थानिक म्हणजे इथलं, त्यात न कळण्यासारखं काय आहे? लांबच्या देशांत घड्याळं वेगळी चालतात हे मलाही माहीत आहे. आपल्याकडे सकाळ असते तेव्हा तिकडे रात्र असते वगैरे. पण ताईचं गाव काही तसं लांब नव्हतं. चाळीस मिनिटांवर होतं.

"आणि हे बघा," औषधवाले म्हणाले, "परतीचं विमान तिकडून सहाला सुटतं आणि इकडे दहा चाळीसला पोचतं."

"म्हणजे चार तास चाळीस मिनिटं? जाताना चाळीस आणि येताना चार तास जास्त?"

"वारा," औषधवाले गंभीरपणे म्हणाले. "जाताना पाठीवर असतो, येताना तोंडावर. मी अनुभवलंय. परतताना विमान नुसतं हुंहुं करत जागच्या जागी उभं असल्यासारखं वाटत होतं."

मला ते पूर्ण पटलं. आमच्या घाटातल्या गाड्यांचंही तसंच असे. उतरताना वेगळा वेळ, चढताना वेगळा.

पटलं नाही ते वरच्या मजल्यावरच्या मोजणीदारांना. हे गृहस्थ जमीन मोजण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना हातात दोरी घेतल्याशिवाय खरी वाटत नाही. त्यांनी नातवाचा पृथ्वीचा गोल जिन्यात आणला, दोन्ही विमानतळांवर बोटं ठेवली, मध्ये सुतळी ताणली, सुतळी पट्टीवर धरली आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "एकोणीसशे किलोमीटर."

"असतील."

"एकोणीसशे किलोमीटर चाळीस मिनिटांत म्हणजे तासाला दोन हजार आठशे पन्नास. मिनिटराव, माणसं जातात की बंदुकीच्या गोळ्या?"

"अहो, वर ना खड्डा, ना फाटक, ना थांबा. तुम्ही जमिनीवरची माणसं."

"अंतर खोटं बोलत नाही."

"वेळापत्रकही बोलत नाही!"

"तुमच्या आगारातलं बोलायचं. साडेआठच्या गाडीसाठी मी नऊ-नऊपर्यंत उभा राहिलोय."

हे फार झालं. माझ्या एकतीस वर्षांवर, तेही जिन्यात, इस्त्रीवाल्यासमोर! मी तडक खाली आलो आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. त्यांची सुतळी बरोबर होती, हे आज मी इथे लिहितो आहे, यावरून माझा मोठेपणा लक्षात यावा.

त्यानंतर पासपोर्ट आणि प्रवेशपरवाना. त्या कार्यालयात एक रांग अर्ज घेण्याची, एक रांग अर्ज चुकला हे कळण्याची आणि एक रांग आपण कुठल्या रांगेत आहोत हे विचारण्याची होती. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "भेटीचं कारण?"

"बहीण."

"बहीण हे नातं झालं. कारण सांगा. व्यवसाय, शिक्षण, उपचार, पर्यटन. यातलं कुठलं?"

मी विचारात पडलो. ताईकडे जाणं यातलं नक्की काय होतं? थोडा उपचार होता, पण कुणाचा ते मला सांगता येईना.

"यातलं नाही," मी म्हटलं.

"मग 'इतर'. 'इतर'ला खुलासापत्र लागतं, दोन प्रतींत. मुक्काम किती?"

"एक दुपार."

आता त्यांनी मान वर केली. "सख्खी बहीण आहे ना?"

माझा फोटो त्यांनी परत केला, चेहऱ्यावर भाव आहेत म्हणून. खुलासापत्राची दुसरी प्रत पहिलीसारखी नाही म्हणून परत आली. चौथ्या चकरेला नवा फोटो दिला तेव्हा बाई म्हणाल्या, "आता ठीक आहे." चार चकरांत भाव गेले होते. मी आठवडाभर आधी जायचं ठरवलं होतं. परवाना हातात पडला तेव्हा फक्त शेवटचा दिवस उरला होता. तोच, तीन वाजता स्टोअरकीपर येण्याचा.

"सकाळचं विमान घ्या," बायको म्हणाली.

"कशाला? पहाटे उठून, धावतपळत तिच्या दारात सकाळी पावणेनऊला उभं राहू? तिची आवराआवर चाललेली असणार. एकच्या विमानानं एक चाळीसला उतरतो, अर्धा तास बाहेर पडायला, अर्धा तास गाडीला. पावणेतीनच्या आत खाटेवर. मी काय आज वेळापत्रकं करतोय?"

"अहो, सव्वीस वर्षांनी जाताय. सहा तास जास्त बसलात तिच्याजवळ तर काय बिघडेल?"

काहीच बिघडलं नसतं. पण वेळ घट्ट बसवणं हा माझा धंदा होता, आणि दोन गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली की मला वेदना होत. मी एकचं विमान घेतलं.

विमान एकला एक मिनिटही इकडेतिकडे न होता सुटलं. मी मनोमन शाबासकी दिली. एक चाळीसला मी पट्टा नीट केला आणि खिडकीतून जमीन बघू लागलो. जमीन नव्हती. खाली कापसासारखे ढग, त्यांच्यावर आमच्याच विमानाची इवलीशी सावली. एक पन्नासला मी घसा खाकरला. एक पंचावन्नला हवाईसुंदरीला हात केला.

"उतरायचं कधी?"

"अजून पावणेदोन तास आहेत, काका. पाणी देऊ?"

"पावणेदोन तास?" माझा आवाज जरा चढला. शेजारचे जाडे गृहस्थ झोपेतून दचकले. "खोळंबा कशाचा आहे? पुढे काही झालंय का?"

ती गोंधळून पुढे बघायला लागली. "पुढे? पुढे आकाश आहे, काका."

"तक्रारवही आणा."

वही त्यांच्याकडे नव्हती. तिनं एक जाडसर कार्ड आणून दिलं. त्यावर पाच चेहरे छापलेले, एक खूप हसणारा, शेवटचा थोडासा उदास. त्यातला एक निवडायचा. माझ्या मनःस्थितीला पुरेल एवढा उदास चेहरा त्यात नव्हता. मी पेन काढून सहावा चेहरा काढला. शेजारचे गृहस्थ तो बघून म्हणाले, "छान आलाय. तुमच्यासारखाच दिसतो."

माझ्या घड्याळात तीन वाजले तेव्हा आम्ही अजून ढगांवर होतो. मी डोळे मिटले. स्टोअरकीपर आला असेल. ताई म्हणत असेल, थांबा जरा, माझा भाऊ येतोय, आमच्या घरात कुणाला उशीर होत नाही.

तीन चाळीसला चाकं टेकली आणि वरून गोड आवाज आला, "आपण वेळेवर पोचलो आहोत. स्थानिक वेळेनुसार आता दुपारचा एक वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत."

मी थक्क झालो. खोटं आमच्या आगारातही बोलत, पण इतक्या गोड आवाजात, दोन तासांचा उशीर गिळून, वर 'वेळेवर' म्हणायची छाती आमच्या कुठल्याही कंडक्टरला झाली नसती. आणि प्रवासी बघा! कुणी एक शब्द बोललं नाही. दोन-तीन जणांनी तर आपली घड्याळं काढून मागे केली. माणसं इतकी लाचार होतात हे मला माहीत नव्हतं.

विमानतळावरची घड्याळंही दोन तास मागे. एखादं घड्याळ बिघडतं, हे मी समजू शकतो. आमच्या आगारातलं चार वर्षं बिघडलेलं होतं. पण इथे भिंतीभिंतीवरची सगळी एकमतानं चुकत होती. एवढं एकमत मी कुठल्याच कचेरीत पाहिलेलं नाही. निदान त्यावरून तरी शंका यायला हवी होती. मी मनगटाकडे पाहिलं. 'वक्तशीरपणाबद्दल'. चार वाजून दहा मिनिटं.

बाहेर टॅक्सी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे गेलो नाही. प्रवासी थांबतात त्या मोठ्या हॉलमध्ये खांबाशेजारी एक खुर्ची होती, तिच्यावर मी बसलो.

का बसलो, हे सांगायला हवं. फोन करता आला असता. माझा मोबाईल तिथे मुका झाला होता, पण समोरच पैसे टाकून बोलायचा फोन होता. पण बोलणार काय? एकतीस वर्षं मी उशिरा येणाऱ्यांना ताडताड बोललो होतो. उशिरा आलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते मला पाठ आहे. तो चेहरा घेऊन ताईपुढे जायचं? पाचला तिची बस. आता घराला नवं कुलूप लागलं असेल, ती स्टँडकडे निघालीही असेल. तिनं एकच गोष्ट मागितली होती आणि ती आता कुठल्याही विमानानं पोचवता येण्यासारखी नव्हती. मी खिशातून कागद काढला आणि पत्र लिहायला घेतलं. 'प्रिय ताई, विमान कंपनीच्या अक्षम्य दिरंगाईमुळे...' आगारातलं अक्षर, आगारातली भाषा. चार वेळा खोडलं. पाचव्यांदा नुसतं 'ताई' लिहिलं आणि पुढे काही सुचेना.

"पाय वर घ्या जरा," कुणीतरी म्हणालं.

फरशी पुसणाऱ्या बाई होत्या. मी पाय वर घेतले.

"कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाही. मला उशीर झाला."

"कुठे जायला?"

"बहिणीकडे. तीनला पोचायचं होतं."

"मग उठा की," बाई फडका पिळत म्हणाल्या. "अजून दहा मिनिटं आहेत तीनला."

मी दुःखातही हसलो. त्यांना समजावून सांगितलं की तुमच्या विमानतळाची घड्याळं बिघडलेली आहेत, खरे पाच वाजायला आले आहेत. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं.

"दादा, घड्याळाचं मला कळत नाही. पण माझी पाळी तीनला सुटते. तेवढं बरोबर कळतं मला. अजून ही एक ओळ पुसायची राहिलीय." आणि मग, काहीतरी उमगून, हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही पलीकडून आलात ना? तुमच्याकडे दोन तास पुढे असतं."

मोजणीदारांची एकोणीसशे किलोमीटरची सुतळी डोळ्यांपुढे आली. दोन तास चाळीस मिनिटं. जाताना दोन तास चाळीस, येताना दोन तास चाळीस. वारा नव्हता, उतार नव्हता, कुणी खोटं बोललं नव्हतं. मी वेळेवर पोचलो होतो. अगदी घट्ट बसवलेल्या वेळापत्रकाप्रमाणे, मिनिटाला मिनिट. आणि उशीर झाला म्हणून चाळीस मिनिटं खुर्चीवर बसून राहिलो होतो.

टॅक्सीवाला म्हणाला, "अर्धा तास लागेल." मी म्हटलं, "कमी कर." तो म्हणाला, "काका, रस्ता तेवढाच आहे." एकतीस वर्षं मी ड्रायव्हरांना कागदावरून वेग शिकवला, त्यांचं उत्तर ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली.

तीन पंचवीसला इस्पितळाच्या मागच्या आवारात उतरलो. बैठ्या क्वार्टरांची रांग, शेवटच्या दाराशी झाड. दाराला चकचकीत नवं कुलूप. पायरीवर लोखंडी पेटी, पेटीवर ताई. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. केस सगळे पांढरे झालेले. फोनवर ते ऐकू आले नव्हते.

"आलास?" ती म्हणाली आणि उठली.

"ताई, उशीर झाला."

"किती? पंचवीस मिनिटं?" तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "तुझ्या मानानं लवकर आलास."

मी सगळं सांगून टाकलं. चाळीस मिनिटं, वारा, सहावा चेहरा, खुर्ची. ती आधी हसली, मग पेटीवर बसून पदर तोंडाला लावून हसली, इतकी की डोळे पुसावे लागले. मग पुसतच राहिली.

"वेड्या, तुला माहीतच नव्हतं? तुझे आठ म्हणजे माझे सहा."

"मग दर रविवारी..."

"रविवारी तू आठला चहा घेऊन बसतोस ना. एकदा उठलास की मग कुठे हाती लागतोस? म्हणून पावणेसहाचा गजर लावायचे. रात्रपाळी असली की झोपायचेच नाही, फोन करून मग झोपायचे."

"आणि मी सातला केला होता तेव्हा..."

"पाच वाजले होते," ती म्हणाली. "आणि वर म्हणालास, आळशी झालीस."

मी कुलूप हातात घेऊन बघत बसलो, जणू कुलूप बघायलाच आलो होतो. स्टोअरकीपर तीनलाच आला होता. ताईनं त्याला थांबवलं, माझा भाऊ येतोय म्हणून. तो म्हणाला, बाई, हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय. तरी थांबला बिचारा. वेळ काढायला त्यानं यादी तीनदा वाचली. टेबल एक, कपाट एक, खाट एक.

"खाट इस्पितळाची होती?"

"सगळंच इस्पितळाचं होतं रे. ती तुझी आहे हे फक्त मी म्हणायचे."

मागच्या बाजूला खिडकी होती, पण उंच. मी पेटी ओढत नेली आणि तिच्यावर चढलो. काचेवर ऊन पडलं होतं. आधी माझाच चेहरा दिसला, विमानातल्या कार्डावरच्या सहाव्या चेहऱ्यासारखा. हातानं आडोसा केला.

"दिसतंय?" खालून ताई. "डावीकडे बघ. अजून डावीकडे. कोपऱ्यात."

"ओ काका!" आवारातून पहारेकरी ओरडला. "खाली उतरा! काय चाललंय?"

"माझा भाऊ आहे!" ताई ओरडली. "घर बघतोय!"

खाटेचा एक पाय दिसला. आणि भिंतीवर, खाटेच्या उशाशी, सव्वीस वर्षांत कुणीच डोकं न टेकल्यानं तेलाचा डाग न पडलेली जागा. मी म्हटलं, "दिसली ताई. सगळी खोली दिसली. फार छान आहे." ती खूश झाली. मी खोटं बोललो हे तिला कळलं असणार. नर्स होती ती.

वर्तमानपत्रात दोन कप होते, पेटीत न भरता आमच्या चहासाठी बाहेर ठेवलेले. फाटकाबाहेरच्या टपरीवाल्याकडून आम्ही त्यांत चहा ओतून घेतला आणि उभ्यानं प्यायलो. माझ्या घड्याळात सहा वाजले होते. ताईनं माझा हात धरून ते काढलं, मागचं कोरलेलं वाचलं, काटे मागे फिरवून चार केले आणि परत माझ्या मनगटावर बांधलं, लहानपणी शर्टाची बटणं लावायची तसं.

"आता झालास माझ्याकडचा," म्हणाली. "तासाभरासाठी."

पाचची बस पाचला सुटली. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गाडी उशिरा सुटावी असं वाटलं. एखादं चाक पंक्चर व्हावं, कंडक्टर चहाला जाऊन हरवावा. आमच्या आगारात हे रोज व्हायचं आणि मी त्यांना मेमो द्यायचो.

परत आल्यावर मी वरच्या मजल्यावर जाऊन मोजणीदारांना म्हटलं, "एकोणीसशे बरोबर आहेत." ते काही टोचून बोलले नाहीत. ती सुतळी त्यांनी मला देऊन टाकली. ती खुंटीवर आहे, हातभरही लांब नाही.

रविवारी आता मी फोन करतो. दहाला करतो, म्हणजे तिकडे आठ होतात. कागदावर हिशेब चोख आहे. पहिल्याच रविवारी ताईनं पहिल्या घंटेला फोन उचलला. मी म्हटलं, "ताई, आता निवांत झोपत जा हं, मी आठलाच करणार."

"हो रे," ती म्हणाली. "पण सहाला जाग येतेच. मग बसते खिडकीशी, तू करेपर्यंत."